कानफाट्याचा डावा कान

खोक्याची शेवटची फळी निघाली, भुसा जमिनीवर सांडला, आणि हेल्मी लेहतोलाने चष्मा काढून एप्रनला पुसला, परत लावला आणि विचारलं, "हा कोण?"

कॅम्पच्या, म्हणजे रानातल्या शिकारीच्या लाकडी घराच्या, टेबलावर हरणाचं डोकं होतं. खांद्यापर्यंत मान, दहा टोकांची शिंगं, काचेचे तपकिरी डोळे. नाक इतकं ओलं दिसत होतं की आता शिंकेल. जावई डोमेनिक दोन पावलं मागे सरकला आणि मूळचा इटालियन असल्यामुळे त्याने छातीवर क्रूस काढला.

"आई, असं काय करतेस? कानफाट्या आहे. बाबांचा," एल्सी म्हणाली.

"कानफाट्याचा कान फाटलेला होता."

सगळ्यांनी कान पाहिले. उजवा अखंड होता. डावाही अखंड होता. दोन्ही ताठ, आतले पांढरे केस विंचरलेले. मास्तरांनी पहिल्या बाकावर बसवलेल्या मुलासारखं ते हरीण समोर बघत होतं.

रेइनो अजून दारातच होता. पाचशे मैल गाडी हाकून, मोठा पूल ओलांडून तो अर्ध्या तासापूर्वी पोचला होता; बूटसुद्धा काढायचे होते. तो टेबलाशी आला. डाव्या कानावरून त्याने बोट फिरवलं, वरून खाली, मग खालून वर, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसं.

"माझा कान कुठाय?" तो म्हणाला.

एरवी या वाक्याला हसू आलं असतं. डोमेनिकने तोंड उघडून तयारीही केली होती. एल्सीने त्याच्या पायावर पाय दिला.

त्या कानाची गोष्ट अशी. सहा वर्षांपूर्वी पंधरा नोव्हेंबरला, म्हणजे हंगामाच्या पहिल्याच सकाळी, रेइनोने ऐंशी पावलांवरून या हरणाच्या काळजावर नेम धरला आणि त्याचा डावा कान फाडला. हरीण गेलं. लेहतोलांच्या कॅम्पमध्ये ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाची मागची शेपटी कात्रीने कापायची आणि छताखालच्या तुळईवर खिळ्याने ठोकायची, असा रिवाज आहे. तुळईवर अशा तेवीस शेपट्या होत्या. काका, मामा, दोन पाद्री, एक दंतवैद्य. आर्वो लेहतोलाची एकही नव्हती. पन्नास वर्षांत आपला नेम चुकलेला नाही, हे तो वर्षातून निदान पन्नासदा सांगायचा.

त्या संध्याकाळी लेकाच्या शर्टाची शेपटी हातात धरून आर्वो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "कान मात्र बरा कापतो आमचा पोरगा. याल्मारच्या दुकानात न्हावी म्हणून चिकटवू या." सगळे हसले. रेइनोही हसला. पुढच्या वर्षी त्याला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मोटारींच्या कारखान्यात दर नोव्हेंबरात एवढं काम निघतं, हे घरच्यांना तेव्हाच पहिल्यांदा समजलं.

हरणाचं नाव कानफाट्या पडलं. आणि एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं, मग ते हरीण असो की माणूस.

मागच्या नोव्हेंबरात आर्वोने त्याला पाडलं आणि रेइनोला फोन केला. फोनवर आर्वो तार पाठवल्यासारखा बोलायचा. "कान सापडला. अर्धी शिकार तुझी, अर्धी माझी. भिंतीला लावू. ये."

रेइनो म्हणाला, "बघतो."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आर्वो सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, गेला आणि बाहेर आला नाही. गरम वाफेत, स्वच्छ अंगाने. आमच्या भागात याहून चांगलं मरण नाही. शेजारी सांत्वनाला आले ते जरा हेव्यानेच.

तेव्हा बापाशी शेवटचा बोललेला शब्द 'बघतो', आणि बापाने बोलावलं होतं याचा पुरावा म्हणून एक फाटका कान. एवढाच जमाखर्च घेऊन रेइनो पाचशे मैल आला होता. त्यातला कानही कोणीतरी दुरुस्त करून टाकला होता.

"दिसतोय तर छान," एल्सी म्हणाली. "फाटक्या कानाचं हरीण भिंतीवर कशाला? आल्यागेल्याला वाटेल, आम्हाला स्वस्तात मिळालं."

"ताई, तो कान बाबांनी—"

"बाबांनी काय? बाबांच्या छतावरचा बर्फ पाच हिवाळे कोणी ओढला? यांनी." डोमेनिकने नम्रपणे छताकडे पाहिलं. "त्यांना दवाखान्यात कोणी नेलं? मी. आणि तू, दफनाला तोंड दाखवून गेलास ते सोडलं तर, सहा वर्षांनी येतोस आणि बूट काढायच्या आधी कान मागतोस?"

"पुलाखालच्या माणसांना लहानसहान गोष्टी फार दिसतात," डोमेनिक म्हणाला. पूल ओलांडून दक्षिणेला राहायला गेलेल्यांना इकडे 'पुलाखालचे' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

"दाजी, तुम्ही मध्ये पडू नका."

"मी मध्ये कुठे? मी तर भिंतीला टेकलोय."

हेल्मीने कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवलं. आवाज मुद्दाम जरा जास्त केला.

"रेइनो, याल्मारकडे जा. पेंढा त्यानेच भरलाय. पाचला दुकान बंद करतो तो. भांडायचं नाही. कानाचं काय झालं तेवढं विचार. एल्सी, तूही जा बरोबर. म्हणजे हा भांडणार नाही."

"आणि मी भांडले तर?"

"तू भांडलीस तर चालेल," हेल्मी म्हणाली.

*

गावापर्यंत अकरा मैल. पहिले सात मैल भाऊ-बहीण काचेवरच्या वायपरकडे बघत होते. आठव्या मैलावर, जिथे झाडी तुटते आणि सुपिरियर सरोवराची करडी पट्टी दिसते, तिथे रेइनोने विचारलं, "शेवटी शेवटी कसे होते गं?"

एल्सीच्या तोंडावर आलं होतं, यायचं होतंस मग बघायला. पण लहानपणी याच वळणावर बाबा गाडी थांबवायचे आणि दोघांना वेलदोड्याच्या पावाचा एकेक तुकडा द्यायचे, मोठा तुकडा तिला, कारण ती भांडायची. ते आठवलं आणि तिने वाक्य गिळलं.

"नीटनेटके," ती म्हणाली.

"बाबा?"

"हो ना. शेवटचं वर्षभर शर्ट आत खोचायला लागले होते. पट्टा लावून. कॅम्पमध्येसुद्धा. मला वाटलं, म्हातारपणी शिस्त आली. डॉक्टरांना विचारलंसुद्धा, हे कशाचं लक्षण असतं का म्हणून."

"मग?"

"डॉक्टर म्हणाले, नाही. पण त्यांनी लिहून ठेवलं."

*

याल्मारच्या दुकानाचा पुढचा अर्धा भाग न्हाव्याचा आणि मागचा अर्धा पेंढा भरण्याचा. दोन्हीकडे गिऱ्हाइकाने हलायचं नसतं. मागचं गिऱ्हाईक ते जास्त चांगलं पाळतं. याल्मार वस्तरा पुसत होता. काचेतून त्याला लेहतोलांची दोन्ही मुलं एकत्र येताना दिसली. ही दोघं एकत्र म्हणजे नक्की कळलंय. दहा महिने तो याच दिवसाची वाट बघत होता. कधीकधी तर त्याला वाटायचं, कळून जावं एकदाचं.

"याल्मारकाका," रेइनो म्हणाला, "कान."

याल्मार मटकन बसला, गिऱ्हाइकाच्याच खुर्चीत. "टाका दिसला ना? कुठे दिसला? मुळाशी?"

"टाका नाही दिसत. तेच तर—"

"कुत्र्याने खाल्ला," याल्मार म्हणाला.

एल्सीने येताना चार मैल भांडणाची तयारी केली होती. त्यात कुत्रा नव्हता.

"जानेवारीत. कातड्याची गुंडाळी सोडली, मीठ लावलं, टेबलावर पसरून घरी गेलो. दिवा अधू, नजर अधू. कान काही पाहिले नाहीत. सकाळी येतो तर डावा कान फाटलेला आणि आमचा पेक्का टेबलाखाली. चेहरा असा. चोराचा."

"पेक्काचा चेहरा जन्मापासून तसाच आहे," एल्सी म्हणाली.

"पन्नास वर्षं जपलेल्या मैत्रीतलं हरीण! सांगणार होतो आर्वोला. रोज म्हणायचो, उद्या सांगू. आणि तो सौनात गेला तो गेलाच. मग तुमच्या आईला कुठल्या तोंडाने सांगू? तीन आठवडे बसलो. एका हरिणीचा कान आणला. केसाला केस लावला. चाळीस वर्षांत असं काम हातून झालं नव्हतं." त्याचा आवाज जरा चढला. "आणि एकालाही दाखवायची सोय नाही!"

"काका, तो कान आधीच फाटलेला होता," रेइनो म्हणाला. "मी फाडला. सहा वर्षांपूर्वी, गोळीने."

याल्मारने वस्तरा मांडीवर ठेवला.

"कडा भरून आल्यासारख्या होत्या खऱ्या," याल्मार सावकाश म्हणाला. "मला वाटलं, मिठामुळे. पण मला कोणी सांगितलं का नाही?"

कॅम्पात घडलेलं कॅम्पाबाहेर बोलायचं नाही, हा लेहतोलांचा दुसरा रिवाज. कातडं आर्वोने स्वतः सोललं, स्वतः गोठवलं, पोत्यात घालून इथे आणून ठेवलं आणि म्हणाला, "हे." बस. एवढंच. कानफाट्या हे नाव अकरा मैल लांब गावात एकालाही ठाऊक नव्हतं.

"फाटक्या कडा? त्या ठेवल्यात?" रेइनोने विचारलं.

"शेगडीत टाकल्या. पुरावा म्हणून."

"पुरावा शेगडीत?"

"पुरावा नष्ट करायला, म्हणजे." याल्मार उठला, भिंतीवरची केस कापायची कात्री त्याने काढली. "चल. आत्ता येतो. जसा होता तसा कापून देतो. तू सांग कुठून."

रेइनोने कात्रीकडे पाहिलं. सहा वर्षांपूर्वीची ती दुसरी कात्री त्याला आठवली. "नको. कात्रीने कापला तर तो कापलेला कान. फाटलेला नव्हे."

एल्सीने भावाकडे पाहिलं. हे इतकं बाबांसारखं वाक्य होतं की तिला राग यायचाच विसरला. तिने विषय बदलला. "पेक्का कुठाय?"

"इश्पेमिंगला. बहिणीकडे धाडून दिला, दहा महिने झाले." याल्मारने टोपी घातली. "तिच्याकडे पाच मांजरी आहेत."

त्याने दारावर 'बंद' अशी पाटी उलटवली आणि दोन्ही गिऱ्हाइकांना आत तसंच ठेवून तो स्वतः पेक्काला आणायला ट्रककडे पळाला. न केलेल्या गुन्ह्यासाठी दहा महिने मांजरींत काढलेल्या त्या कुत्र्याविषयी रेइनोला एकाएकी फार जवळीक वाटली. त्याने कान फाडला होता, कुत्र्याने नव्हता. पण घराबाहेर दोघंही एकाच कानापायी राहिले होते.

*

संध्याकाळी मटण-सलगम भरलेल्या पास्ट्या झाल्या, कॉफी झाली. कानफाट्या टेबलाच्या टोकाला, आर्वोच्या जागी ठेवलेला होता. दुसरीकडे कुठे शिंगं मावत नव्हती. सगळे जेवताना त्याच्याकडे न बघायचा प्रयत्न करत होते. तो मात्र सगळ्यांकडे बघत होता.

हेल्मीने सगळी हकीकत ऐकून घेतली. ती कमी बोलणारी बाई. तिच्या माहेरी तर वडील वारले हेही कोणी बोललं नव्हतं, नुसती खुर्ची हलवली होती. बोलणं म्हणजे छतावरचा बर्फ, असं तिचं मत. साचू द्यायचं. वेळ आली की ते आपणच घसरतं, फक्त तेव्हा खाली कोण उभं आहे ते बघायचं. गेली दोन वर्षं तिच्या छतावर असंच काही साचलं होतं. ती रेइनोकडे बघत होती, तो कुठे उभा आहे ते.

"कान गोळीने फाटला होता," ती म्हणाली. "गोळीनेच फाटेल."

डोमेनिकने घास थांबवला. "म्हणजे काय, आई? मेलेल्या हरणाला परत मारायचं?"

"मारायचं नाही. चुकवायचं."

"आणि चुकवताना चुकला तर?" एल्सी म्हणाली. "नाकावर बसली तर? तेही गेलं, कानही गेला. मग भिंतीला काय लावायचं, शिंगं?"

"ताईचं बरोबर आहे," रेइनो म्हणाला. आल्यापासून तो पहिल्यांदाच तिच्या बाजूने बोलला होता. "आई, ऐंशी पावलांवरून कानावर नेम धरायचा म्हणजे—"

"कानावर कोणी सांगितलं? तेव्हा कुठे धरला होतास?"

"काळजावर."

"मग काळजावरच धर."

हे पटायला सगळ्यांना थोडा वेळ लागला. पटलं ते डोमेनिकला आधी. "एक अडचण आहे," तो म्हणाला. "याला काळीज नाही. खांद्यापाशी संपतो हा."

"जानेवारीतच सॉसेज केले," एल्सी म्हणाली. "चांगले झाले होते."

"पिंप आहे मागे," डोमेनिक म्हणाला आणि उठलाच. इंजिन दुरुस्त करणाऱ्या माणसाला बिनमागच्या हरणाला मागचं अंग जोडणं म्हणजे काय! रॉकेलचं रिकामं पिंप, त्यावर घोड्याची जुनी घोंगडी, चार ओंडके पाय म्हणून. घोंगडीवर त्याने कोळशाने काळीज काढलं. छान काढलं, वर दोन गोलाया, खाली टोक.

"हरणाचं काळीज असं नसतं," एल्सी म्हणाली.

"इटालियन हरणाचं असतं."

आणि मग एल्सी हसली. रेइनोही. बऱ्याच वर्षांनी त्या खोलीत दोघं एकाच गोष्टीला हसत होती.

चौदा तारीख होती, हंगाम उद्या सुरू होणार होता. रानात गोळी वाजली असती तर वनखात्याचा माणूस आला असता, आणि त्याला हे काय चाललंय ते समजावणं कोणालाच जमलं नसतं. "उद्या उजाडल्यावर," हेल्मी म्हणाली. मग ती आतल्या खोलीत गेली आणि लाल-काळ्या चौकड्यांचा जाड लोकरी शर्ट घेऊन आली. कोपरांवर ठिगळं, कॉलरवर धुराचा वास. आर्वोचा.

"हा घाल उद्या. शहरातलं जाकीट घालून कोणी हरणावर गोळी झाडत नाही."

एल्सी उभी राहिली. "आई, तो शर्ट मी मागितला होता. बाबांच्या दफनाच्या दिवशी. तू म्हणालीस, नाही."

"हो."

"आणि याला देतेस?"

"तुझा नेम कधी चुकला नाही, एल्सी," हेल्मी म्हणाली.

हे उत्तर आहे की कौतुक, हे एल्सीला कळेना. सौनाला लाकडं घालायच्या निमित्ताने ती डोळे पुसायला गेली. हेल्मी रेइनोकडे वळली. "आत खोचून घाल."

"आई, मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे."

"म्हणून एकदाच सांगते."

*

सकाळी दलदलीच्या कडेला, देवदाराखाली, कानफाट्या उभा होता. बुंध्यावर मान, मागे घोंगडीतलं पिंप. पहाटे थोडा बर्फ पडला होता आणि तो त्याच्या पाठीवर अशा बेताने बसला होता की लांबून बघणाऱ्याचा विश्वास बसावा. डोंगरापलीकडे कुणाकुणाच्या गोळ्या वाजत होत्या. सगळा मुलूख आज रानात होता.

हेल्मी घोंगडी पांघरून खुर्चीवर. शेजारी एल्सी आणि डोमेनिक. मागे याल्मार, रात्रभर गाडी हाकून आलेला, आणि त्याच्या पायाशी पेक्का, तोच चोराचा चेहरा, पण मान ताठ.

रेइनो जुन्या मचाणावर बसला होता. फळ्या त्याच. डावीकडच्या फळीवर त्याने नवव्या वर्षी चाकूने कोरलेलं अर्धं नाव तसंच होतं. उरलेलं अर्धं कोरायच्या आत बापाने चाकू काढून घेतला होता. "रेइ" एवढंच. बाप इथे मागे बसायचा, मानेवर त्याचा श्वास, कॉफी आणि तंबाखूचा. "घोडा दाबायचा. ओढायचा नाही. गाय पिळतोयस का?" दर वर्षी तेच वाक्य. आज ते कोणी म्हणणार नव्हतं, आणि नवल म्हणजे रेइनो त्याची वाट बघत होता. शर्टातून धुराचा वास येत होता. तेवढाच काय तो मागे बसलेला.

त्याने कोळशाच्या काळजावर नेम धरला.

ठरलं होतं चुकवायचं. पण खरं सांगायचं तर बंदूक खांद्याला लागली आणि त्याला चुकवावंसं वाटेना. एकदा, एकदाच, त्या काळजाच्या बरोबर मधोमध लागावी. कान गेला खड्ड्यात. बाबा, बघा. दाबतोय. ओढत नाही. दाबतोय.

आणि त्याने ओढला.

आवाज दलदलीवरून जाऊन परत आला. पेक्का एकदाच भुंकला. बर्फ कानफाट्याच्या पाठीवरून घसरला, आणि त्याचा डावा कान हळूच दोन फाकांत उघडला, एक वर, एक खाली लोंबती.

मग एल्सी ओरडली, "लागली! म्हणजे चुकली! रेइनो, चुकली!" आणि ती बर्फातून धावत सुटली, पन्नाशीची बाई, गुडघा दुखतो म्हणणारी. तिने बोट त्या फाटीत घातलं. "तसाच! अगदी तसाच, नतद्रष्टा!" आणि मचाणावरून उतरलेल्या भावाच्या पाठीत तिने गुद्दा घातला, आणि मग हात तिथून काढला नाही.

"माझा टाका सुटलेला नाही," याल्मार कान तपासून म्हणाला. "टाक्याशेजारून फाटलाय. कळावं म्हणून सांगतो."

रेइनोला हसू येत होतं. कान परत आला होता. पण त्याने तर नेम खराखुरा धरला होता, आणि ते कोणाला सांगता येणार नव्हतं. पुन्हा एकदा त्याच जागी, त्याच अंतरावरून, बापाच्या शर्टात, तो चुकला होता.

*

कानफाट्या भिंतीला लागला. डोमेनिकने टोपी काढून खोलीभर पाहिलं. "आता माफ करा मंडळी, पण रिवाज म्हणजे रिवाज. नेम काळजावर होता, लागली कानाला. शेपटी जाणार."

"बाबांचा शर्ट आहे तो," याल्मार कुजबुजला. "आर्वोचा शर्ट कापायचा? पन्नास वर्षं अखंड राहिलेला?"

सगळ्यांनी हेल्मीकडे पाहिलं. "रिवाज आहे," ती म्हणाली, आणि कॉफी ओतत राहिली.

एल्सीने फडताळातली कात्री काढली. रेइनो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या मनात आलं, निदान यापेक्षा खाली आता काही नाही. एल्सीने पट्ट्यातून शर्ट मागून ओढून काढला, कात्री उघडली आणि तशीच थांबली.

"आई," ती म्हणाली.

शर्टाला शेपटी नव्हती. पुढचं टोक खाली गोल वळून नीट शिवलेलं होतं, पण मागे कंबरेच्या खाली कापड सरळ रेषेत संपत होतं. कडेला सुटे दोरे. कात्रीने कापलेलं, आणि कापून बरेच दिवस झालेलं.

"हे कोणी केलं?"

"मी," हेल्मी म्हणाली. तिने भांडं खाली ठेवलं. "दोन वर्षं झाली. तुम्ही सगळे गावात होतात. आम्ही दोघंच होतो इथे. दलदलीच्या कडेला यांना कानफाट्या दिसला, गोळी झाडली, आणि तो निघून गेला. कॅम्पात आले, खुर्चीवर बसले, कात्री माझ्या हातात दिली आणि पाठ वळवली. एक शब्द नाही. मी कापली."

याल्मारने पेक्काच्या डोक्यावर हात ठेवला होता.

"मग म्हणाले, मी जिवंत असेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. मी दिला शब्द. नऊ महिने जास्तीच पाळला. हे फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. इथेच सांगायची होती."

"तरीच शर्ट आत खोचायचे," एल्सी म्हणाली. ती हळूच बाकावर बसली. "आणि मी डॉक्टरांना विचारलं."

रेइनो अजून भिंतीकडेच बघत होता. "तुकडा?" त्याने विचारलं. "कापलेला तुकडा कुठाय?"

"तुझ्या खाली."

त्याला कळलं नाही. हेल्मीने मान वर करून तुळईकडे पाहिलं. तो बाकावर चढला. त्याची जुनी शेपटी, निळी, सहा वर्षांच्या धुराने काळवंडलेली, दंतवैद्याच्या शेजारी लोंबत होती. त्याने ती उचलून धरली. खाली, त्याच खिळ्यात, लाल-काळ्या चौकड्यांचा तुकडा होता. झाकलेला असल्यामुळे रंग नवाकोरा. खिळा एकदा उपटून परत ठोकल्याच्या खुणा लाकडावर होत्या. दोन घाव वाकडे बसले होते. आर्वोचे घाव कधी वाकडे बसत नसत.

रेइनो पाठमोराच म्हणाला, "किती पावलांवरून चुकली त्यांची?"

"ते नको विचारू."

"आई."

"चाळीस," हेल्मी म्हणाली.

रेइनोचे खांदे हलायला लागले. तो रडतोय असं वाटून एल्सी उठली, पण तो वळला तेव्हा हसत होता, डोळे वाहत होते आणि दोन्ही तुकडे त्याने मुठीत धरले होते.

"चाळीस! अगं, माझी तर ऐंशीवरून चुकली होती!"

"हो ना," हेल्मी म्हणाली आणि त्याची कॉफी टेबलाच्या टोकाला, आर्वोच्या जागी ठेवली. "म्हणून तर तुला बोलावत होते."